पाचवीचा प्रवेश आणि दाखल्यावरचे नाव

आपण लिहिले आहे की, गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून आपली मुलगी चौथी उत्तीर्ण झाली असून जूनमध्ये तिला हायस्कुलात पाचवीला घालायचे आहे, परंतु जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवरील नावे जुळत नाहीत. आणि हायस्कुलातील कारकुनाने "आता प्रवेश तर घ्या, नावाचे मागाहून बघू" असे सांगून आपल्याला परत पाठवले. हे शेवटचे वाक्य वाचल्यावर मला राहवेना. आमच्या मुलीच्या पाचवीच्या प्रवेशावेळी हेच वाक्य मीही ऐकले होते, त्यावर विसंबून निश्चिंत झालो होतो, आणि त्याची भरपाई तिच्या दहावीच्या वर्षी करावी लागली.

आधार, फोटो, रहिवासी दाखला यांविषयी मी लिहीत नाही. ती यादी शाळेत लावलेली असते. नावाचा घोळ मात्र कोणत्याही यादीत नसतो. आपल्याकडे जन्माची नोंद रोमन अक्षरांत असते, मराठी प्राथमिक शाळेचे रजिस्टर देवनागरीत असते, आणि पाचवीला मूल इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात गेले की तेथील जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या मुख्य नोंदवहीत, पुन्हा रोमन अक्षरे येतात. हे दुसरे लिप्यंतर जन्मदाखला समोर ठेवून झाले तर ठीक. प्राथमिक शाळेच्या दाखल्यावरून झाले, तर लिहिणाऱ्याला जे स्पेलिंग सुचेल ते मुलाला जन्मभर चिकटते. गांवकर हे साधे आडनाव घ्या. कोणी ते 'जी, ए, ओ, एन' असे सुरू करतो, कोणी 'जी, ए, यू, एन' असे. आणि घराच्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या कागदांवर तर पुढे 'के'च्या जागी 'सी' असतो. त्यात भर म्हणजे अनेकांच्या जन्मदाखल्यावर मुलाचे नाव आणि आडनाव एवढेच असते, तर मराठी शाळेत मध्ये वडिलांचे नाव घालण्याची रीत आहे. आमच्या मुलीच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी घडल्या होत्या.

दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरताना शाळेने तपासणीसाठी नावांची यादी दिली, तेव्हा जन्मदाखल्यावरील 'यू'च्या जागी 'ओ' आहे हे आमच्या लक्षात आले. अर्ज जनरल रजिस्टरवरून भरला जातो आणि बोर्डाच्या प्रमाणपत्रावरही तेच नाव येते, त्यामुळे आता थांबण्याला वाव नव्हता. मी एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. त्या कार्यालयाचे नाव घेत नाही. तेथील माणसे बदलली असतील. त्या अर्जावर मी विषय लिहिला होता, 'मुलीच्या नावात बदल करण्याबाबत'. माझी सर्वांत महाग पडलेली चूक ती हीच. आपल्याला हवी असते ती नोंदीची दुरुस्ती. नाव बदलणे ही अगदी वेगळी गोष्ट असून तिच्यासाठी गोव्यात 1990 सालचा नाव व आडनाव बदलाचा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याची प्रक्रिया वेगळी आहे. 'बदल' हा शब्द वाचताच खिडकीवरील गृहस्थांनी मला त्या दुसऱ्या वाटेला लावले. जन्माची नोंद अचूक होती, चूक केवळ शाळेच्या रजिस्टरमध्ये होती, हे सोबत जोडलेल्या जन्मदाखल्याकडे एकदा पाहिले असते तरी कळले असते. पण तो कोणी उलटूनही पाहिला नाही. मग प्रतिज्ञापत्र मागितले गेले, ते नेल्यावर ते दुसऱ्या नमुन्यात हवे असे सांगितले गेले, आणि त्यानंतरच्या खेपेला खिडकीवर वेगळीच व्यक्ती होती, जिने पहिल्यापासून सारे विचारले. वाळपईहून दोन बसगाड्या बदलून जायचे, रजा टाकायची, आणि "साहेब बैठकीला गेले आहेत" हे ऐकून परतायचे, असे सात वेळा झाले. आजही मला याचा राग येतो, कारण सामान्य माणसाने कागदावर कोणता शब्द लिहावा हे सांगणे एवढे तरी त्या खिडकीचे काम होते.

शेवटी माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपये शुल्क भरून, माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली एवढेच विचारले. या कायद्यानुसार 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते; त्या मुदतीच्या आतच मला बोलावणे आले आणि 'नोंदीची दुरुस्ती' असा नवा अर्ज एका दिवसात मार्गी लागला. प्रत्येकाचे काम असेच होईल असा माझा दावा नाही. मी वकील नाही, आणि नियम व नमुने बदलत असतात, म्हणून भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात एकदा अवश्य विचारून घ्यावे.

आपल्या जागी मी असतो तर हायस्कुलाच्या आधी प्राथमिक शाळेत गेलो असतो, आणि तेही मुख्याध्यापक मे महिन्याच्या सुट्टीवर जाण्यापूर्वी. चूक त्यांच्या रजिस्टरमध्ये असेल तर दुरुस्तीची मागणी तेथूनच सुरू व्हायला हवी, आणि दुरुस्त नोंदीवरूनच नवा दाखला घ्यावा. चूक खुद्द जन्मनोंदीत असेल तर 1969 सालच्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 खाली निबंधकाकडे अर्ज करता येतो. तो मार्ग निराळा आहे, दोन्हींची सरमिसळ करू नये. हायस्कुलाचे कार्यालय जूनपूर्वी गाठणेही शक्य आहे: 2025 साली सहावी ते दहावीचे वर्ग 7 एप्रिललाच सुरू झाले, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापेक्षा एप्रिलमध्ये कारकुनाला रजिस्टर उघडून दाखवायला सवड असते. नोंद स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व इनवर्ड क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका; माझ्या पहिल्या दोन खेपांचा कोणताही पुरावा माझ्याकडे नव्हता. "मागाहून बघू" असे पुन्हा ऐकू आले, तर तेच लिहून द्यावे अशी नम्र विनंती करा. उर्मटपणा नको, पण संकोचही नको.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा सुचली. शाळा सुरू होण्यापूर्वीच मुलीला जन्मदाखल्याप्रमाणे आपले नाव रोमन अक्षरांत लिहायला शिकवा आणि वह्यांच्या कव्हरवर तेच लिहून द्या. आमच्या मुलीने पाच वर्षे 'ओ' लिहिला होता. रजिस्टर दुरुस्त झाल्यानंतरही परीक्षेच्या प्रवेशपत्रावर सही करताना तिचा हात त्या अक्षरापाशी थबकला, आणि तिने वर माझ्याकडे पाहिले.