प्रयोगशाळा नावालाच असलेल्या शाळेत भौतिकशास्त्र कमी खर्चात कसं शिकवावं?

तुमच्या शाळेत प्रयोगशाळेचं कपाट आहे, पण आत फारसं काही नाही आणि दहावी-अकरावीला शिकवायचंय, असं तुम्ही लिहिलंय. मीही याच वर्गांना शिकवते, म्हणून वर्गात चालतं तेवढंच सांगते.

सामान जमवणं सोपं आहे. अवघड काय, तर प्रयोगाची नुसती गंमत होऊन पोरं घरी जातात. म्हणून माझा एकच हट्ट असतो: हात लावण्याआधी काय होईल ते प्रत्येकाने वहीत पेनाने लिहायचं.

साधं बहिर्वक्र भिंग घ्या. दिवे बंद करून खिडकीबाहेरच्या झाडाची प्रतिमा समोरच्या कागदावर पाडा. उलटं, रंगीत झाड, पानंसुद्धा हलताना दिसतात. झाड लांब आहे, त्यामुळे भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर म्हणजेच जवळपास नाभीय अंतर. पट्टीने मोजून टाका. आता विचारा, भिंगाचा वरचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला तर? बहुतेक वह्यांत 'अर्धं झाड दिसेल' असं सापडेल. एखादा हुशार लिहितो, 'प्रतिमा उलटी असते, म्हणून खालचं अर्धं जाईल.' झाका. झाड अख्खंच राहतं, फक्त अंधूक होतं. पुस्तकातल्या आकृतीत दोन-तीनच किरण काढलेले असतात, त्यामुळे पोरांना वाटतं तेवढेच निघतात. झाडाच्या प्रत्येक बिंदूपासूनचा प्रकाश भिंगभर पसरतो, हे त्या पुठ्ठ्यानंतर फार समजवावं लागत नाही.

अकरावी-बारावीला जुनी सीडी कामाला येते. चंदेरी थर ओरखडून सेलोटेपने सोलून काढला की पारदर्शक चकती उरते आणि तीच ग्रेटिंग, म्हणजे अगदी जवळजवळच्या रेषांनी प्रकाश ठरावीक कोनांत वळवणारी चकती. तिच्या रेषांमधलं अंतर १.६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). भिंतीपासून १ मीटरवर ती उभी धरा आणि लाल लेझर सरळ आरपार सोडा (कोणाच्या डोळ्यांच्या रेषेत नको, हे दरडावूनच सांगा). मधल्या ठिपक्यापासून बाजूचा ठिपका साधारण ४४-४५ सेंमीवर पडतो. त्यावरून कोनाचा साइन काढून १.६ ने गुणलं की लेझरच्या प्रकाशाची तरंगलांबी मिळते: ०.६५ मायक्रॉन, म्हणजे ६५० नॅनोमीटर. लेझरवरच्या चिठ्ठीशी पडताळून पाहा. डीव्हीडीत हेच अंतर ०.७४ मायक्रॉन असतं. तिथे ठिपका कुठे जाईल ते आधी लिहायला लावा. तो पावणेदोन मीटरच्याही पलीकडे जातो.

विजेच्या छोट्या मोटारीसाठी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ बघा, मराठीतही भरपूर साहित्य फुकट आहे. सेल, सायकलच्या ट्यूबचं रबर, दोन सेफ्टीपिना, चुंबक आणि मोटार रिवाइंडिंगवाल्याकडची इनॅमलचा थर दिलेली तार, बस. तारेच्या वेटोळ्याच्या एका टोकावरचा थर पूर्ण आणि दुसऱ्यावरचा अर्ध्याच बाजूने खरवडायचा. का, ते पोरांनाच विचारा. दोन्ही टोकं पूर्ण खरवडून काय होतं तेही बघू द्या. सेल तापतो, तेवढं लक्ष ठेवा.

व्हर्नियर आणि स्क्रू गेज ही बारीक मापं घ्यायची साधनं मात्र भांडून का होईना, विकतच घ्या. ९ सेंमीचे १० भाग करून पुठ्ठ्याचा मोठा व्हर्नियर बनवला तर वाचन शिकवायला झकास, शेवटच्या बाकावरूनही दिसतो. पण तारेची जाडी त्याने मोजता येत नाही.