टर्बो स्पोर्ट्स कारला रेडिएटर आणि इंटरकूलर स्वतः बनवून बसवतोय. कोअर ४० मिमीचा घ्यावा की ५६ मिमीचा, आणि इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे लावला तर चालेल का?

४० चा घ्या. वाचलेली मेहनत पत्र्याच्या कामात घाला. कोअर, म्हणजे नळ्या आणि बारीक पात्यांचा गाभा, किती जाड यापेक्षा त्यातून गेलेली हवा पुढे कुठे जाते, हा खरा प्रश्न आहे, आणि तो जवळजवळ कुणीच विचारत नाही.

एवढं ठासून सांगतोय कारण नेमक्या याच जाडीवरून माझा आणि माझ्या चुलत दादाचा वाद आहे. गाडी आमच्या दोघांची. पुढे दोन लिटरचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना, मूळचा टर्बो काढून मोठा बसवलेला. रस्त्यावर कधी तक्रार नाही. ट्रॅकवर मात्र काही फेऱ्यांतच पाण्याचा काटा ११० च्या पुढे सरकायचा आणि गाडी आत घ्यावी लागायची. दादाचं निदान पहिल्या दिवसापासून एकच: "कोअर पातळ आहे रे, जाड टाकू." मी म्हणायचो, दादा, गाडी हळू चालताना गार राहते आणि वेगात तापते. कोअर एवढा अपुरा असता तर काटा खाली आणायला फॅनला इतके कमी कष्ट पडले नसते. हवा आत जातेय, पण तिला बाहेर पडायला वाट नाही.

त्याला ते पटेना, म्हणून मी मोजायचं ठरवलं. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरलं. एक टोक कोअरच्या पुढे, दुसरं कोअरच्या मागे, आणि नळीचा वाकलेला भाग शेजारच्या सीटसमोर. ताशी १०० किमी वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा पूर्ण दाब जेमतेम ४७ मिमी पाण्याइतका असतो. इंटरकूलर (टर्बोने दाबून तापवलेली हवा गार करणारा), एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर या तिघांतून हवा ढकलायला तेवढंच बळ हाताशी. आमच्या नळीत फरक दिसला ९ मिमी. बाकीचा दाब कोअरच्या कडेच्या फटींतून निसटत होता, आणि इंजिनाच्या खोलीत हवा तुंबल्यामुळे मागून उलटा रेटा बसत होता.

अशा ठिकाणी ५६ मिमीचा कोअर टाकला असता तर काय झालं असतं? तेवढीच हवा ढकलायला आणखी दाब लागला असता, म्हणजे हवा आणखी कमी झाली असती. शिवाय मागच्या १६ मिमीला पुढच्या भागाने तापवलेलीच हवा मिळाली असती. जाडी वाढवून मिळणारा फायदा झपाट्याने घटत जातो. समोरचं क्षेत्रफळ वाढवता येत असेल तर आधी ते वाढवा.

दादाने दरम्यान एक जुना उपाय करून पाहिला होता: बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेटची मागची कड उचलायची. पुष्कळ लोक करतात. उभ्या गाडीत गरम हवा तिथून वर येताना दिसते, त्यामुळे विश्वास बसतो. पण वेगात समोरच्या काचेच्या तळाशी दाब जास्त असतो, तिथून हवा बाहेर पडत नाही, उलट आत शिरते. नळीत फरक ९ वरून ७ वर आला, तेव्हा वॉशर काढले.

मग पत्रा घेतला. बंपरच्या तोंडापासून कोअरपर्यंत बंद डक्ट, म्हणजे हवेचा बोगदा, केला आणि कोअरच्या चारही कडांना फोमच्या पट्ट्या लावल्या. डक्टचं तोंड कोअरएवढं मोठं लागत नाही. चौथा ते तिसरा हिस्सा पुरतो, मात्र तो हळूहळू रुंदावत गेला पाहिजे, म्हणजे हवेचा वेग उतरतो आणि दाब चढतो. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१ मस्टँग विमानाच्या पोटातला रेडिएटर याच तत्त्वावर होता. शेवटी रेडिएटरच्या लगेच मागे, बॉनेटच्या पुढच्या तिसऱ्या भागात, जिथे दाब कमी असतो तिथे जाळीचे व्हेंट कापले. बॉनेट कापायला दादाचा अगदी शेवटपर्यंत विरोध होता.

फरक २० मिमीच्या वर गेला. त्याच ट्रॅकवर काटा ९५ च्या आसपास थांबला. कोअर तोच, ४० चा.

दादा आजही म्हणतो की ते व्हेंटमुळे नाही, त्याच दिवशी बदललेल्या रेडिएटर कॅपमुळे झालं. आम्ही ०.९ बारची कॅप काढून १.३ ची लावली होती, हे खरं. पण कॅप पाणी गार करत नाही, पाणी उकळण्याचं तापमान वर नेते. ०.९ ला साधं पाणी ११८-११९ अंशांना उकळतं, १.३ ला १२५ च्या जवळ. उकळणं पुढे ढकललं म्हणून काटा १५ अंश खाली कसा येईल? दादा, हे वाचत असशील तर एवढ्याचं उत्तर दे.

आता इंटरकूलर. पुढे लावला तर चालतो, पण लोक घाबरतात ते चुकीच्या कारणाने. "इंटरकूलर रेडिएटरला गरम हवा देतो" हे खरं आहे, पण आकडा पाहा. २५ अंशांची हवा १ बार बूस्टला (टर्बोने वाढवलेल्या दाबाला) ७० टक्के कार्यक्षमतेच्या टर्बोतून सुमारे ११८ अंशांवर जाते. ठीकठाक इंटरकूलर ती ५३ पर्यंत आणतो. २०० किलोवॅटच्या इंजिनात ही उष्णता साधारण १३ किलोवॅट भरते, आणि रेडिएटरला टाकायची असते ढोबळमानाने १०० च्या आसपास. म्हणजे नुकसान उष्णतेने कमी आणि अडथळ्याने जास्त. जागा असेल तर माझदा आरएक्स-७ वाले करतात तसं दोघांना व्ही आकारात बसवा, प्रत्येकाला आपली हवा मिळते. नाहीतर पुढे लावा, पण दोन्हींमधली फट कडेने बंद करा. आणि इंटरकूलरच्या टँकमध्ये, म्हणजे कोअरच्या टोकाच्या डब्यात, पाइप सरळ घुसवू नका. हवा समोरच्याच नळ्यांत जाते आणि बाकीचा कोअर नुसता वजन वाहतो. टँक उतरता करा.

वेल्डिंगवरही एक बोलतो, कारण तिथेही ॲल्युमिनियम जोडायची ५३५६ क्रमांकाची रॉड "जास्त मजबूत" म्हणून खपवली जाते. थंड जोडाला ती मजबूत आहेच. पण तिच्यात मॅग्नेशियम ३ टक्क्यांहून जास्त असतं, आणि ६५ अंशांच्या वर सतत राहणाऱ्या जोडात ते कालांतराने तडे पाडतं. रेडिएटरचं पाणी रोजच त्याच्या वर असतं. ४०४३ ची रॉड वापरा. ५०८३ या मिश्रधातूचा पत्राही याच कारणाने टँकला नको. कोअरच्या नळ्या ब्रेझ केलेल्या, म्हणजे लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूने जोडलेल्या असतात आणि ते ब्रेझिंग ५७७ अंशांपासून वितळू लागतं, म्हणून आर्क टँकच्या बाजूला धरा, छोटे टाके घाला, मध्ये थंड होऊ द्या. कोअरवर गाडीचं वजन किंवा पीळ येऊ देऊ नका, रबराच्या बुशवर बसवा.

थर्मोस्टॅट काढू नका. पाइपच्या टोकांना कडा उठवल्याशिवाय होज चढवू नका.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. डक्ट चांगला असेल, दाब शिल्लक असेल आणि रुंदी वाढवायला जागाच नसेल, तर ५६ चा कोअर उपयोगी पडतो. इंजिन मधोमध किंवा मागे असेल तर माझं बॉनेटचं सगळं बोलणं गैरलागू आहे, आणि तिथे पाण्याने गार होणारा इंटरकूलर बहुतेक वेळा सोयीचा पडतो. वेल्डिंगआधी ॲल्युमिनियम ॲसिटोनने पुसा. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर अजिबात वापरू नका, आर्कच्या उष्णतेने त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. आणि बॉनेट कापण्याआधी आतल्या पट्ट्या कुठून जातात ते पाहून घ्या. लॉकला धरणारी पट्टी तुटली तर ते वेगात उघडून काचेवर येऊ शकतं.