तारण म्हणजे गहाण नव्हे, आणि विसार म्हणजे विसरणं तर नव्हेच

प्रश्न असा आलाय: ख्रिस्ती मित्राच्या वडिलांच्या अंत्यविधीला गेलो होतो, तिथे पाळकसाहेब म्हणाले की तारण विश्वासाने होतं आणि पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा विसार आहे. तर तारण म्हणजे बँकेत सोनं ठेवतो तेच का, विसार म्हणजे विस्मरण का, आणि यांच्यात पापांची क्षमा मिळायला विश्वासच का लागतो, नुसतं चांगलं वागून भागत नाही का?

विस्मरणाचं आधी उरकतो. काडीचाही संबंध नाही. जमीन घेताना इसार देतात, इसारपावती करतात ना, तोच हा विसार. हल्ली सगळे 'टोकन दिलं' म्हणतात त्यामुळे हा शब्द शहरात जवळजवळ गेलाच, निदान मराठी बायबलात तरी टिकून आहे याचा मला आनंद आहे. त्याच्याकडे परत येतोच, कारण खरी मजा तिथेच आहे.

आता तारण. हे एवढ्या वेळा ऐकलंय की आता डोकंच फिरतं. प्रवचनात कोणीतरी ठोकून देतं, 'तारण म्हणजे गहाण, आपण सैतानाकडे गहाण पडलो होतो, प्रभूने सोडवलं, म्हणून तारण.' आणि दुसऱ्या बाजूचे दीडशहाणे हेच उलटं फिरवून सांगतात की बघा, मिशनऱ्यांना शब्द सापडेना म्हणून सावकाराच्या चोपडीतून उचलला. दोघंही चूक. तारणे हे तरणेचं प्रयोजक रूप, तरणे म्हणजे पलीकडे जाणे आणि तारणे म्हणजे पलीकडे नेणे, बस. तीर्थ (मुळात नदी ओलांडायची जागा), उतार, अवतार, तारू, तरणोपाय, सगळी एकाच धातूची पोरं. 'देव तारी त्याला कोण मारी' म्हणताना कोणी मंगळसूत्र गहाण टाकत नसतं. बँकेतलं तारणही माझ्या मते याच घरातलं आहे, बुडू पाहणाऱ्या कर्जाला जी वस्तू तारते ते तारण. म्हणजे उसनवारी झालीच असेल तर सावकाराने कीर्तनकाराकडून केली, कीर्तनकाराने सावकाराकडून नाही.

आणि हात जोडून विनंती, श्रद्धांजलीत 'ख्रिस्ती बांधवास मोक्ष मिळो' लिहू नका. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका, आणि इथे मुळात फेराच नाहीये. एक जन्म, एक मरण, मग न्याय, आणि शेवटी देहासकट उठणं. पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे हो. त्यांचा स्वतःचा 'ख्रिस्तवासी' हा छान शब्द आहे, तो वापरा. यावर लगेच फादर स्टीफन्सचं नाव माझ्या तोंडावर फेकलं जातं, की त्यांनी १६१६च्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला चक्क वैकुंठ म्हटलंय. म्हटलंय ना! तो माणूस गोव्यात नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांसाठी त्यांच्या कानाला ओळखीच्या ओवीत लिहीत होता. पण जागेचं नाव ओळखीचं घेतलं म्हणून तिथे जायची वाट तीच होत नाही, हे आमच्या अभ्यासकांना कोण सांगणार.

पाळकसाहेबांचं वाक्य परत बघा. वतन, विसार. त्यात मराठी बायबलातले जुना करार, नवा करार, खंडणी भरून मिळवलेली मुक्ती हे घाला. आणि प्रभूच्या प्रार्थनेत तर 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड' असं सरळ आहे, क्षमा हा शब्दच नाही तिथे! माझं मत असं (आणि ते मी सोडणार नाही) की एकोणिसाव्या शतकात हे भाषांतर घडवताना मिशनऱ्यांच्या शेजारी बसलेली जी मराठी माणसं होती त्यांच्या कानात कुलकर्ण्याच्या दप्तराची भाषा होती, आणि मूळ ग्रीकमध्ये जिथे बाजाराचा, कर्जाचा, वारसाचा शब्द दिसला तिथे त्यांनी सोवळा संस्कृत शब्द न शोधता दप्तरातला ठणठणीत शब्द बसवला. याला 'मिशनरी मराठी' म्हणून नाकं मुरडणारे पंडित आहेत. त्यांना विचारतो, पापाला ऋण म्हणणं परकं आहे का? ऋग्वेदात दुसऱ्या मंडलात वरुणाला काय विनवलंय, 'पर ऋणा सावीरध मत्कृतानि', मी केलेली ऋणं दूर कर. तिकडे येशूच्या बोलीत, अरामी भाषेत, 'होबा' म्हणजे कर्जही आणि पापही. आणि त्या कर्जाला 'सोड' म्हणायचा अरामी धातू तोच आहे जो क्रुसावरच्या 'लमा सबखथनी'त आहे, का सोडलंस मला. आता क्षमा घ्या. क्षम् म्हणजे सहन करणे, आणि पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. सहन केलं म्हणजे कर्ज फिटलं असं नाही, नुसता तगादा थांबला. म्हणून मला तरी ते 'ऋण सोड' क्षमेपेक्षा जास्त नेमकं वाटतं.

वतनाबद्दल एक वैताग. हिंदी गाणी ऐकून वाढलेली पोरं 'स्वर्गीय वतन' वाचतात आणि त्यांना स्वर्ग नावाचा देश दिसतो. मराठीत वतन म्हणजे पाटीलकी, कुलकर्णीपण, बापाकडून मुलाकडे जाणारा हक्क. ग्रीक मूळही वारशाचंच आहे. खालची वतनं स्वातंत्र्यानंतर कायद्याने खालसा झाली, वरचं तेवढं राहिलं, म्हणून बायबलातल्या पेत्राच्या पत्रात त्याला अविनाशी म्हटलंय ते बरंच झालं.

हं, आता विसार. ग्रीकमध्ये तिथे 'अर्राबोन' आहे आणि हा शब्द ग्रीक नाहीच! तो सेमिटिक, हिब्रूत 'एरावोन', बहुतेक फिनिशियन व्यापाऱ्यांच्या गलबतांतून ग्रीसला उतरलेला. आणि हिब्रूत तो कुठे येतो बघा, उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या अडतिसाव्या अध्यायात. यहूदा वाटेत बसलेल्या बाईला वेश्या समजतो, ती खरं तर त्याचीच विधवा सून तामार, तोंडावर बुरखा घेतलेली. तो म्हणतो करडू पाठवून देतो, ती म्हणते तोवर काहीतरी ठेवून जा, आणि हा बाबा स्वतःची मुद्रा, तिची दोरी आणि हातातली काठी देऊन जातो. पुढे ती गरोदर राहिल्यावर हा तिला जाळायला निघतो, तेव्हा ती त्या तीन वस्तू पुढे करते आणि त्याची बोलती बंद. तर त्या तीन वस्तू म्हणजे एरावोन. म्हणजे काय? तारण! आपलं बँकेतलं तारण, करडू आलं की परत द्यायचं. तोच शब्द ग्रीक बाजारात फिरून नव्या करारातल्या पौलाच्या पत्रात येतो तेव्हा त्याचा अर्थ सरकलेला असतो, आता ती परत घ्यायची वस्तू नाही, पूर्ण रकमेतलाच पहिला हप्ता आहे. म्हणजे विसार. तारणाचा विसार झाला! आणि आजच्या ग्रीक भाषेत 'अरावोनास' म्हणजे साखरपुडा. सांगा, याहून देखणा प्रवास केलेला शब्द दाखवा मला.

आमच्याकडे काही भाष्यकार विसारच्या जागी 'हमी' किंवा 'ठेव' सुचवतात, सोपं पडतं म्हणून. सोपं पडतं आणि अर्थ घालवतं. हमी नुसत्या शब्दाची असते आणि ठेव काढून घेता येते. विसारात रकमेचा काही भाग आत्ताच हातात आलेला असतो आणि उरलेलं देणं देणाऱ्यावर बांधील असतं. ख्रिस्ती माणूस मरणानंतरच्या जीवनाबद्दल एवढा निश्चिंत का बोलतो ते या एका शब्दात आहे. त्याच्या मते पहिला हप्ता, म्हणजे पवित्र आत्मा, पोचलाय, आणि तो देवाने भरलाय, माणसाने नव्हे. दुसरीकडे खंडणीच्या, म्हणजे ख्रिस्ताने प्राण देऊन माणसाला सोडवल्याच्या, बाबतीत लोक रूपक इतकं ताणतात की विचारू नका. 'ती भरली कोणाला, सैतानाला का?' हा वाद ओरिजेन या जुन्या ख्रिस्ती विचारवंताच्या काळापासून आहे, नाझियांझसच्या ग्रेगरी या धर्मगुरूने चौथ्या शतकातच ही कल्पना झिडकारली, तरी आमचे वक्ते अजून सैतानाची पावती फाडतातच.

विश्वासाचं राहिलंच. विश्वास हा श्वस् धातूपासून, मोकळा श्वास घेणे, निर्धास्त होणे. देव आहे हे मान्य करणं म्हणजे हा विश्वास नव्हे, तेवढं तर याकोबाच्या पत्राप्रमाणे भुतंही मानतात आणि थरथर कापतात. सोडलेलं ऋण खरंच सुटलंय असं धरून चालणं, तो विश्वास. गोव्याच्या चर्चमध्ये कोकणीत याला भावार्थ म्हणतात, आपण मात्र तो शब्द कवितेखालच्या पाच मार्कांच्या प्रश्नाला देऊन टाकला. चांगलं वागून का भागत नाही, तर त्यांच्या हिशेबात चांगलं वागणं हे कर्ज सुटल्यावरचं आहे, कर्ज फेडायचं नाणं नाही. विश्वास आणि कृती यांची नेमकी जुळणी कशी, यावरून जर्मन धर्मसुधारक ल्यूथरच्या १५१७च्या प्रबंधांपासून भांडण पेटलं ते पार १९९९पर्यंत. त्या साली ऑग्सबर्गमध्ये ल्यूथरन आणि कॅथलिक दोघांनी मिळून लिहून दिलं की देवाकडून माणसाचा स्वीकार होतो तो कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने, आपल्या लायकीमुळे नाही, आणि सत्कृत्यं त्यानंतर येतात. त्याच्या तपशिलावर अजून कुरबुरी आहेत, पण तो प्रांत पाळकसाहेबांचा, त्यांनाच विचारा, आणि विचारताना कृपया टोकन म्हणू नका, विसार म्हणा.