न विचारता कापलेले ४५६ रुपये

प्रश्न : मी नागपूरच्या पाचपावली भागात घरीच शिलाईकाम करते. परवा जनधन खात्याचे पासबुक भरून घेतले, तेव्हा मे महिन्याच्या अखेरीस ४३६ आणि २० रुपये कापले गेल्याचे दिसले. शिवाय गेले काही महिने ‘अटल पेन्शन’ म्हणून दरमहा ११६ रुपये जात आहेत. खाते उघडताना बऱ्याच कागदांवर सह्या घेतल्या होत्या, पण हे कोणी समजावून सांगितले नाही. माझे वय ३० आहे. हे सगळे बंद करावे का?
— एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर : संमती न घेता कपात होणे चूकच आहे आणि आपला राग रास्त आहे. तरीही सगळे एकदम बंद करू नये, असे मला वाटते, कारण या तिन्ही कपातींचे मोल सारखे नाही.

४३६ रुपये हा जीवन ज्योती विम्याचा वार्षिक हप्ता आहे. कोणत्याही कारणाने मृत्यू आल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. २० रुपये सुरक्षा विम्याचे, म्हणजे अपघाताचे. दोन्हींची मुदत १ जून ते ३१ मे असते आणि एकदा संमती दिली की दरवर्षी हप्ता आपोआप कापला जातो. ही आपोआप होणारी कपात मला उपकारक वाटते. दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागला असता, तर हातावर पोट असलेल्या किती घरांचा विमा केवळ एक दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून सुटला असता!

पेन्शनची गोष्ट वेगळी आहे. अटल पेन्शन योजनेत साठाव्या वर्षानंतर दरमहा १०००, २०००, ३०००, ४००० किंवा ५००० रुपये, असे पाच पर्याय आहेत आणि निवडलेल्या रकमेची हमी सरकार देते. तिसाव्या वर्षी सुरुवात केल्यास या पर्यायांचा मासिक हप्ता अनुक्रमे ११६, २३१, ३४७, ४६२ आणि ५७७ रुपये पडतो. म्हणजे आपल्यासाठी कोणीतरी सर्वांत खालचा आकडा भरून टाकला. महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर तीस वर्षांनी हाती येणारे ते १००० रुपये आजच्या सुमारे २३० रुपयांइतके असतील. एवढ्यात महिन्याचे औषधपाणीही भागणार नाही. कमी मिळकतीच्या माणसाला झेपेल म्हणून छोटा हप्ता ठेवण्यामागचा हेतू चांगला असेल, पण छापील फॉर्मवर आधीच भरलेला आकडा लोकांना सल्ल्यासारखा वाटतो आणि मग तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. अमेरिकेतील एका कंपनीने कामगारांना निवृत्ती बचतीत आपोआप सामील करून घेतले, त्याचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. सामील होणारे पुष्कळ वाढले, पण त्यांतले बहुतेक जण कंपनीने ठरवून दिलेल्या ३ टक्क्यांवरच थांबले. आपल्याकडे वेगळे काही घडत नाही.

म्हणून पेन्शन बंद करण्याऐवजी रक्कम वाढवण्याचा विचार करावा. वर्षातून एकदा पर्याय बदलता येतो. त्यासाठी शाखेत अर्ज द्यावा लागतो आणि मागील महिन्यांच्या हप्त्यांतील फरक व्याजासह भरावा लागतो, त्यामुळे जितका उशीर तितका भार अधिक. शिलाईची मिळकत लग्नसराईत भरपूर आणि पावसाळ्यात तुटपुंजी असेल, तर मासिक कपातीऐवजी तिमाही किंवा सहामाही कपातही मागता येते. तो पर्याय फॉर्मवर असतो, पण सांगितला क्वचितच जातो. आपल्या जागी मी २००० रुपयांपासून सुरुवात केली असती.

विम्यांपैकी एखादा नकोच असेल, तर पुढील मे महिन्याआधी शाखेत तसे लेखी कळवून पोच घ्यावी. संमतीपत्राची प्रतही लेखी मागावी. तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

आणखी एक. मे महिन्यात खात्यात पैसे नसतील, तर विमा खंडित होतो. नागपूरच्या उन्हात नेमके तेव्हाच काम मंदावते आणि जूनमधल्या शाळेच्या खर्चासाठी पैसे काढून ठेवले जातात. पेन्शनचा हप्ता २३१ रुपये केल्यास दोन्ही विम्यांसह एकूण ६८७ रुपये होतात. तेवढी शिल्लक मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून खात्यात राहू द्यावी.