लक्ष लागत नाही, म्हणून गेट सोडू का?

प्रश्न : मी मेकॅनिकल अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेट या अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेची तयारी लॅपटॉपवर एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांची ऑनलाइन लेक्चर पाहून करते. पण मध्येच व्हॉट्सॲप उघडते, यूट्यूबवर भलताच व्हिडिओ सुरू होतो आणि संध्याकाळ निघून जाते. लक्ष विचलित होऊ नये म्हणून पैसे भरून एखादे ॲप घ्यावे का? की माझ्यात एकाग्रताच नाही असे समजून गेटचा नाद सोडावा?

उत्तर : सस्नेह नमस्कार. ॲपसाठी पैसे खर्च करू नका. आणि गेट सोडण्याचा निर्णय लॅपटॉपची मांडणी बदलून पाहिल्याशिवाय घेऊ नका. संगणकाला टाळून तुमचे भागणारही नाही, कारण गेटची परीक्षाच संगणकावर होते. ६५ प्रश्न, १०० गुण आणि तीन तास. हातातला कॅल्क्युलेटरसुद्धा चालत नाही, पडद्यावरचाच वापरावा लागतो. पडद्यासमोर सलग बसण्याची सवय हा तयारीचाच एक भाग आहे.

काही महिन्यांपूर्वी एक विद्यार्थी आपला लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला होता. आम्ही बोलत असताना पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एकामागून एक सूचना येत होत्या, म्हणून आम्ही त्या मोजायला घेतल्या. पाऊण तासात अकरा सूचना आल्या आणि त्यांतल्या दोनच माणसांच्या होत्या. उरलेल्या सगळ्या बातम्यांच्या आणि खरेदीच्या संकेतस्थळांच्या होत्या, ज्यांना त्याने कधीतरी घाईघाईत ‘अलाऊ’ दाबून परवानगी दिली होती. तुमच्या ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ शोधून संकेतस्थळांच्या सूचना सरसकट बंद करा. हे दोन मिनिटांचे काम आहे.

विंडोज ११ मधील ‘क्लॉक’ या ॲपमध्ये ‘फोकस सेशन्स’ नावाची सोय आहे. वेळ ठरवून सत्र सुरू केले, की ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू होते, टास्कबारवरील चिन्हांचे आकडे दिसेनासे होतात आणि त्यांचे लुकलुकणेही थांबते. मात्र ही सोय फक्त बाहेरून येणारा आवाज अडवते. तुम्ही स्वतः उठून इन्स्टाग्राम उघडायचे ठरवले, तर ती तुम्हाला रोखत नाही. दर पंचवीस मिनिटांनी विश्रांती घेण्याची पद्धत लोकप्रिय असली, तरी थर्मोडायनॅमिक्सचे लांबलचक गणित अर्धे सुटलेले असताना घंटा वाजणे मला तरी सोयीचे वाटत नाही. तुम्ही अर्ध्या तासापासून सुरुवात करून पन्नास मिनिटांपर्यंत जा.

स्वतःहून भरकटणे थांबवायचे असेल, तर मी ज्या उपायावर सर्वाधिक भर देतो तो म्हणजे त्याच लॅपटॉपवर केवळ अभ्यासासाठी उघडलेले दुसरे खाते. सेटिंग्जमधील ‘अकाउंट्स’मध्ये जाऊन ‘अदर युजर्स’ निवडा आणि ‘ॲड अकाउंट’ दाबा. ईमेल विचारला जाईल; तो न देता, या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही, हा पर्याय घेतल्यास पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्टच्या खात्याविना नवा वापरकर्ता जोडता येतो. या खात्यात तुमचे एकही लॉगिन साठवलेले नसते, त्यामुळे ब्राउझर उघडल्यावर ना व्हॉट्सॲप वेब समोर येते, ना इन्स्टाग्राम. यूट्यूबही तिथे लॉगिन न करताच वापरा. तुम्ही आजवर काय पाहिले हे त्याला ठाऊक नसल्यामुळे मोहात पाडणाऱ्या व्हिडिओंची रांग समोर येणार नाही. ‘ऑटोप्ले’ तेवढे आठवणीने बंद करा. नोट्स ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये ठेवल्या, तर दोन्ही खात्यांतून उघडतील.

एक खाते बंद करून दुसऱ्यात जायला अर्धा मिनिट लागतो. ऐकायला हा वेळ किरकोळ वाटेल. पण नकळत व्हॉट्सॲपकडे वळणारा हात तेवढ्यानेच भानावर येतो. ज्या लेक्चरचा व्हिडिओ एनपीटीईएलच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतो, ते आदल्या रात्रीच उतरवून ठेवा आणि पाहताना ‘एअरप्लेन मोड’ लावा. इतका साधा आणि इतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. तरीही तो कुणाला सुचत नाही याचे मला नेहमी नवल वाटते.

महाविद्यालयाच्या सूचना व्हॉट्सॲपच्या गटावरच येतात, ही तुमची अडचण असणारच. त्यासाठी फोन दुपारी आणि रात्री, असा दिवसातून दोनदा पाहा. पण फोनवरील व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून लॅपटॉप आजच काढून टाका. अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत असावा, हे वेगळे सांगायला नको.

राहिला गेट सोडण्याचा प्रश्न. पुढचे सहा आठवडे अभ्यास केवळ नव्या खात्यात करा, शेजारी एक वही ठेवा आणि लक्ष उडाले, की तारखेपुढे एक रेघ ओढा. दर रविवारी पूर्ण तीन तासांची एक सराव परीक्षा पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरसह, मध्ये न उठता द्या. रेघा कमी होऊनही गुण जागचे हलले नाहीत, तर अडचण एकाग्रतेची नसून विषयाच्या पायाची आहे, आणि तिचा उपाय वेगळा आहे. तेव्हा ती वही आणि सहाही परीक्षांचे गुण मला कळवा. गेट सोडायचे की नाही, हे आपण त्यानंतर ठरवू.