आनंदाचा रेणू आणि पोटाचा घेर

आपलं शरीर स्वतःच गांजासारखं द्रव्य बनवतं असं ऐकलं. हे खरं का? आणि त्याचा शुगर-कोलेस्टेरॉलशी काय संबंध?

खरं आहे. टीएचसी हे गांजातलं नशा आणणारं द्रव्य १९६४ साली वेगळं काढलं गेलं. ते पेशीवरच्या ज्या खुंटीला अडकतं ती सीबी-१ नावाची खुंटी सापडली १९८८ मध्ये. खुंटी आहे म्हटल्यावर तिच्यावर अडकवायची शरीराची स्वतःची वस्तूही असणार. ती १९९२ मध्ये इस्रायलचे रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत सापडली. तिचं नाव ठेवलं अ‍ॅनंडामाइड, आपल्या ‘आनंद’ शब्दावरून. पाठोपाठ १९९५ मध्ये टू-एजी हा दुसरा रेणू कळला.

हे रेणू साठवून ठेवलेले नसतात. गरज पडली की पेशीच्या आवरणातल्या स्निग्धांशातून जागच्या जागी बनतात, शेजारीच काम करतात आणि लगेच मोडले जातात. नुसत्या मेंदूत नव्हे, तर चरबी, यकृत, स्नायू, आतडी सगळीकडे या खुंट्या आहेत. मेंदूत या रेणूंचा इशारा मिळाला की भूक चाळवते. चरबीत मिळाला की साठवण वाढते. यकृतात मिळाला की ते साखरेपासून नवी चरबी तयार करायला लागतं. थोडक्यात, मिळतंय तेव्हा खा आणि पुढच्यासाठी ठेव. अन्नाची शाश्वती नव्हती तेव्हा यानेच माणूस तगला. आता ताट कायम भरलेलं, पण इशारा थांबत नाही. पोटाचा घेर वाढलेल्या माणसांच्या रक्तात टू-एजी जास्त सापडतं, वाढलेलं ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, त्याच्या सोबतीनेच येतं, आणि इन्सुलिनला न जुमानणाऱ्या पेशीही.

मग ही खुंटीच बंद करणारं औषध का देत नाहीत? माझं वजन ९८ किलो आहे, सगळं करून थकले.

ताई, तुमचा थकवा मला समजतो, म्हणून हे नीट सांगते. असं औषध आलं होतं: रिमोनाबंट. युरोपात २००६ मध्ये मंजुरी मिळाली. वर्षभरात नुसत्या आहाराने जे वजन उतरतं, त्यापेक्षा साधारण चार-पाच किलो जास्त उतरे, कंबर आत जाई, चांगलं कोलेस्टेरॉल वाढे. आम्ही डॉक्टर हरखलो होतो. पण गोळी यकृतापर्यंत पोचायची तशीच मेंदूतही पोचायची. तिथे हेच रेणू भीती आणि उदासी आवरून धरतात. नैराश्य, चिंता, आत्महत्येचे विचार वाढले. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २००७ मध्ये नकार दिला, युरोपात ऑक्टोबर २००८ मध्ये विक्री थांबली. हृदयविकार टळतो का, हे पाहणारी १८,६९५ रुग्णांची चाचणी अर्ध्यावर बंद करावी लागली. तोवर फायदा काही दिसला नव्हता.

आता मेंदूत कमी शिरतील अशी औषधं घडवली जाताहेत. मॉन्लुनाबंट त्यातलंच. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत १० मिलिग्रॅमवर १६ आठवड्यांत सरासरी ७.१ किलो वजन उतरलं, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्यांचं ०.७ किलो. पण चिडचिड, चिंता, झोपमोड तिथेही दिसली, आणि डोस वाढला तशी वाढली. म्हणून माझ्या मते घाई नको. तुमच्यासाठी आज इतर सिद्ध औषधं आहेत, त्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला. आणि मागे कधी नैराश्य आलं असेल तर ते न लपवता सांगा.

भावाची अँजिओप्लास्टी झाली आहे. झोपेसाठी गांजा ओढतो, म्हणतो नैसर्गिक आहे.

थांबवा त्यांना. ओढल्यावर काही मिनिटांत नाडी धावू लागते, उभं राहिल्यावर रक्तदाब खाली येऊ शकतो. म्हणजे हृदयाला प्राणवायू जास्त हवा असतो आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड तो कमी पोचू देतो. हृदयविकाराचा झटका आलेल्या ३,८८२ रुग्णांच्या २००१ मधल्या अभ्यासात, ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात झटक्याचा धोका ४.८ पट निघाला होता. शरीर आपले रेणू चिमटीने वापरतं, एका जागी, क्षणभर. चिलीम एकाच वेळी सगळ्या खुंट्या तासन्‌तास भरून टाकते. स्टेंट बसवलेल्या धमनीशी हा खेळ नको. झोप येत नाही ही त्यांची तक्रार मात्र खरी आहे, तिच्यावर उपचार मागा. रागावून काही होणार नाही.

सीबीडी तेलाने नशा येत नाही. मग रक्तदाबाच्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांबरोबर चालेल?

सीबीडी हे गांजातलंच दुसरं द्रव्य. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. माझ्यासमोर एका आजोबांनी औषधांची पिशवी टेबलावर उलटी केली होती. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरीनच्या पट्टीच्या मागून एक इवलीशी ड्रॉपरची बाटली घरंगळली. ‘हे औषध नाही, तेल आहे,’ म्हणाले. हातावर निळे डाग होते. वॉरफरीन आणि काही स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, मोडणारी यकृतातली विकरं (एन्झाइम) सीबीडी अडवून धरतं. गोळी तेवढीच, पण रक्तात तिचं प्रमाण चढतं. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या क्लोपिडोग्रेल या गोळीचं उलटं: तिला कामाला लावणारं विकरच सीबीडी रोखतं.

ही यंत्रणा औषधाविना ताळ्यावर आणता येते का?

झोपेपासून सुरुवात करा. २०१६ मधल्या एका छोट्या प्रयोगात १४ निरोगी तरुणांना चार रात्री जेमतेम साडेचार तास झोपू दिलं. दुपारी त्यांच्या रक्तातलं टू-एजी नेहमीपेक्षा ३३ टक्के वर गेलं, रात्रीपर्यंत चढंच राहिलं. पोट भरलेलं असूनही समोरचं गोड-तेलकट त्यांना आवरेना. तेव्हा जागरणानंतर दुपारी हात डब्याकडे गेला, तर मनाला दोष देऊ नका. त्या रात्री तासभर लवकर पडा.