गाडी ऑइल पिते म्हणे, पण जातं कुठून?

प्रश्न : दादा नमस्कार. माझ्याकडे २०११ ची डिझेल हॅचबॅक आहे, १.३ लिटर टर्बोवाली, १ लाख ६२ हजार किमी झालेत. बाबांनी घेतलेली म्हणून विकायचं मनात नाही. दिवाळीपासून साधारण दीड हजार किमीला एक लिटर ऑइल टाकावं लागतंय. सकाळी सेल्फ मारला की थोडा निळसर धूर येतो, मग बंद होतो. ओंकारेश्वरहून परत येताना भेरूघाट चढत होतो तर मागच्या गाडीवाल्याने हॉर्न मारून सांगितलं की खूप धूर सोडतेय. गॅरेजवाला एक मिनिट ऐकून म्हणाला, भिया रिंग गई, इंजन खुलेगा, सत्तर हजार पकडके चलो. तोवर त्याने २०डब्ल्यू-५० टाकून दिलंय, जाड ऑइल कमी जळतं म्हणे. माझं रोजचं चालवणं सुदामा नगर ते सियागंज आणि परत, वर्षातून एकदा पुणे. इंजिन खोलू का?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : नका खोलू, निदान आत्ता तरी नाही. रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) गेल्या असतीलही, मी नाही म्हणत नाही, पण ऑइल बाहेर जायला इंजिनात पाच-सहा वाटा आहेत आणि रिंग ही त्यातली सगळ्यात महाग वाट आहे, आणि तुमच्या पत्रात कुठेही कोणी काही मोजलं असं दिसत नाही. बोनेट न उघडता सत्तर हजाराचा आकडा सांगितला याचं मला खरंच वाईट वाटलं.

आधी एक तातडीची गोष्ट. या १२४८ सीसीच्या इंजिनात जेमतेम तीन लिटरच्या आसपास ऑइल बसतं, म्हणजे एक लिटर गेलं तर एक तृतीयांश गेलं. टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, टर्बोचं, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचं, बेअरिंग ऑइलवर तरंगतं, त्यामुळे ऑइल कमी पडलं की पहिला फटका या दोघांना बसतो. डॅशबोर्डवरचा लाल दिवा प्रेशरचा असतो, लेव्हलचा नसतो, तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून कारण सापडेपर्यंत दर रविवारी डिपस्टिक बघायची, चुकवायची नाही.

आता मोजायचं कसं. दर वेळी एकाच जागी, सपाट फरशीवर गाडी लावा, कारण कॉलनीतल्या रस्त्याला जरासा उतार असला तरी लेव्हल फसवते. इंजिन गरम करून बंद करा, दहा मिनिटं थांबा, ऑइल इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरू द्या. डिपस्टिक काढा, जुन्या सुती बनियनच्या तुकड्याने पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा आणि दोन्ही बाजू बघा, जी बाजू कमी दाखवते ती खरी धरा. मॅक्सपर्यंत भरा, किमी लिहून ठेवा, ५०० किमीला परत बघा, १००० ला परत. वर किती टाकलं ते अंदाजाने नाही, औषधाच्या मापाने किंवा किचनमधल्या मेजरिंग कपाने मोजून लिहायचं (तो कप मग परत किचनमध्ये न्यायचा नाही).

५०० आणि १००० चे आकडे वेगळे का लिहायचे ते सांगतो. पुष्कळ ठिकाणी डबा उघडला की सगळा ओततात, राहिलेलं कशाला ठेवायचं म्हणून, आणि लेव्हल मॅक्सच्या वर जाते. मग क्रँक, म्हणजे खाली फिरणारा मुख्य दांडा, त्या ऑइलला घुसळतो, फेस आणि वाफ होते, ती ब्रीदर पाईपमधून (चेंबरमधली वाफ बाहेर काढणारी नळी) इनटेकला, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेला जाते आणि जळते. अशी गाडी पहिल्या ५०० किमीत भराभर ऑइल पिते आणि मग एका खुणेवर येऊन थांबते. तुमचं तसं होत असेल तर रिंगांचा काही दोष नाही, फक्त कमी भरा. आणि एक लक्षात ठेवा, टर्बो डिझेल थोडं ऑइल खाणारच, काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये तर १००० किमीला अर्धा लिटर चालेल असं छापलेलं असतं. तुमचं साधारण ६५०-७०० मिली पडतंय, म्हणजे जास्त आहे, पण इंजिन संपलं असं म्हणायचा हा आकडा नाही.

मोजणं चालू असतानाच बाहेरची गळती शोधा. "खाली थेंब पडत नाही" हे उत्तर मला शंभर वेळा मिळालंय आणि ते पुरेसं नाही, कारण इंजिनखालचं प्लास्टिक कव्हर ऑइल धरून ठेवतं आणि काही गळती फक्त इंजिन गरम आणि पळत असतानाच होते, वाऱ्याने मागे पसरते. कव्हर काढा, इंजिन खालून डिझेल-ब्रशने साफ करून घ्या, वायरिंग आणि अल्टरनेटरवर पाणी मारू देऊ नका, मग देवासपर्यंत जाऊन या आणि लगेच टॉर्च लावून बघा. वरून खाली बघायचं, कारण ऑइल खाली वाहतं, जिथे ओलं दिसतं त्याच्या वर कुठेतरी उगम असतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, फिल्टर हाउसिंग, ऑइल कूलर, पुढचं-मागचं क्रँक सील, ड्रेन बोल्टचा वॉशर. तुमच्या इंजिनात व्हॅक्यूम पंप हेडच्या टोकाला गिअरबॉक्सच्या बाजूला असतो, त्याचं सील गेलं की ऑइल गिअरबॉक्सवर उतरतं आणि लोक मागचं क्रँक सील गेलं म्हणून गिअरबॉक्स उतरवतात.

हे मी पोटतिडकीने सांगतोय कारण माझ्यावर आलेलंय. माझ्या जुन्या डिझेल गाडीचं असंच, दर महिन्याला ऑइल कमी. एका गॅरेजने रिंगा बदलल्या, दीड महिना गाडी उभी, आणि नंतर हजार किमीत परत तेच. शेवटी अल्टरनेटर चार्जिंग करेना म्हणून खोलला तर आत काळं ऑइल, चिकट, कार्बन ब्रश त्यात बुडालेले. त्या गाडीत व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवर होता, इंजिनातून त्याला ऑइलची बारीक नळी जाते, मधलं सील गेलेलं. डिझेलला पेट्रोलसारखा थ्रॉटलचा व्हॅक्यूम मिळत नाही म्हणून ब्रेकच्या बूस्टरसाठी वेगळा पंप लागतो, एवढं तरी तेव्हा कोणीतरी आठवायला हवं होतं. छोटंसं सील होतं आणि त्याच्यासाठी अख्खं इंजिन उघडलं गेलं.

आता धूर. तुमच्या धुराचे दोन प्रसंग आहेत आणि ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतायत. रात्रभर उभी राहून सकाळी निळा धूर आणि मग बंद, हे वॉल्व्ह सीलचं लक्षण, रात्रभरात ऑइल वॉल्व्हच्या दांड्यावरून खाली झिरपतं. पण नीट बघा की तो निळाच आहे का, थंडीत पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर असेल तर ते कच्चं डिझेल आहे, हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारा) तपासा. घाटात लोडवर येणारा धूर काळा असेल तर तो ऑइलचा नाहीच, हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा असेल तरच रिंग किंवा टर्बो. पेट्रोलवाले मेकॅनिक एक परीक्षा करतात, उतारावर अॅक्सिलरेटर सोडून परत दाबायचा आणि आरशात धूर बघायचा, ती तुमच्या गाडीला नीट लागू पडत नाही, कारण डिझेलमध्ये पाय सोडला तरी इनटेकमध्ये तेवढा व्हॅक्यूम तयार होत नाही. त्यापेक्षा गाडी दहा मिनिटं न्यूट्रलला उभी ठेवा आणि मग रेस द्या, कोणाला तरी मागे उभं करा. तेव्हा निळा लोट आला तर टर्बो किंवा वॉल्व्ह सील.

टर्बोवर शंका आली तरी लगेच टर्बो बदलू नका. आधी ब्रीदर. तो चोक झाला की चेंबरमधलं प्रेशर वाढतं आणि चांगल्या टर्बोच्या सीलमधूनही ऑइल ढकललं जातं. टर्बोचा रिटर्न पाईप कार्बनने बारीक झाला तरी तेच. एअर फिल्टर मातीने भरला तरी तेच, कारण टर्बो मग हवा ओढताना ऑइलही ओढतो, आणि तुम्ही सियागंजच्या धुळीत रोज जाता. मग इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) खालचा होज काढून आत बोट फिरवा. बोटाला ऑइलचा पातळ हात लागला तर घाबरू नका, ब्रीदरची वाफ तिथूनच जाते. होज वाकडा केल्यावर कपभर ऑइल ओघळलं तर मात्र दुखणं आहे. टर्बोचा पंखा थंड असताना बोटाने हलवून बघा, बाजूला किंचित हलणं चालतं, आत-बाहेर सरकता कामा नये आणि पाती भिंतीला घासलेली नकोत.

हे सगळं झाल्यावर रिंगा. इंजिन गरम, न्यूट्रलला चालू, ऑइल टाकायचं झाकण सैल करून तसंच उलटं ठेवा. डिझेलमध्ये ते थोडं थरथरतंच, पण उडून पडत असेल आणि खालून एका तालात धूर फुंकला जात असेल तर बॅक कम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला गॅस रिंगांवरून खाली चेंबरमध्ये येतोय. ब्रीदर साफ केल्यानंतरच ही परीक्षा करा, नाहीतर चोक झालेला ब्रीदर रिंगांच्या नावावर जाईल. मग डिझेलच्या गेजने कम्प्रेशन घ्या, हीटर प्लगच्या भोकातून, पेट्रोलचं गेज इथे चालत नाही. चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून मागा, चारांत १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. सिलिंडरमध्ये ऑइल टाकून परत कम्प्रेशन घेतो असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा, डिझेलमध्ये वरची जागा इतकी कमी असते की ऑइलनेच आकडा फुगतो, जास्त पडलं तर पिस्टन अडकून कनेक्टिंग रॉड वाकायची भीती. त्याऐवजी लीकडाउन करा, सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि कान लावायचा. झाकणातून फुसफुस आली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

आणि इथे एक गोम आहे जी लोकांना माहीत नसते. कम्प्रेशन चारही चांगलं आलं तरी गाडी ऑइल पिऊ शकते, कारण कम्प्रेशन वरच्या रिंगा धरतात, आणि ऑइल खरवडून खाली आणायचं काम सगळ्यात खालच्या ऑइल रिंगचं, ती कार्बनने जाम झाली तरी गेज काही बोलत नाही. तुमचं रोजचं सहा-सात किमी, इंजिन धड गरमही होत नाही, हे रिंग जाम व्हायचं अगदी पक्कं कारण आहे. माझा पहिला संशय इथेच आहे, दुसरा वॉल्व्ह सीलवर. म्हणून २०डब्ल्यू-५० काढा, मॅन्युअलमधल्या ग्रेडवर या, पाच हजार किमीला ऑइल आणि फिल्टर असं दोनदा करा, आणि आठवड्यातून एकदा गाडी ए. बी. रोडवर तासभर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये मोकळी पळवा. यंदा पुण्याला जाताना डिकीत एक लिटर ऑइल ठेवा आणि बिजासन घाट उतरलात की बघा. पाच हजार किमीनंतर तुमच्या वहीतला आकडा उतरायला लागला असेल तर तसंच चालू ठेवा. सकाळचाच धूर राहिला तर वॉल्व्ह सील करा, ते इंजिन न उतरवता होतं. आकडा हललाच नाही आणि लीकडाउनमध्ये झाकणातून हवा आली तर मग खोला, पण तेव्हा आधी खरादवाल्याकडून बोअर (पिस्टन ज्यात फिरतो ते सिलिंडरचं भोक) मोजून घ्या, अंडाकृती झालेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा बसवल्या तर वर्षभरात परत इथेच याल.

प्रश्न : आमच्या गाडीत उलटंच आहे, डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं. गॅरेजवाल्या भाऊंनी सांगितलं की चांगलंय, कमी तर होत नाही ना.
— एक वाचक, महू

उत्तर : ताई, हे चांगलं नाही, कमी होण्यापेक्षा हे वाईट. ऑइल आपोआप वाढत नाही, त्यात डिझेल नाहीतर पाणी मिसळतंय. डिपस्टिकचा वास घ्या, एक थेंब वर्तमानपत्रावर टाका, भोवती पातळ तेलकट कडं लांबवर पसरलं तर डिझेलचा संशय धरा. इंजेक्टरची गळती, डिझेल पंपाचं सील, आणि गाडी २०२० च्या एप्रिलनंतरची बीएस-६ असेल तर डीपीएफ (सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर), छोट्या फेऱ्यांमुळे त्याची सफाई अर्धवट राहते आणि जास्तीचं डिझेल चेंबरमध्ये उतरतं. झाकणाखाली दुधासारखा लोण्याचा थर असेल तर पाणी, कूलंटची टाकीही बघा.

गॅरेजमध्ये तपासून होईपर्यंत गाडी चालवू नका, कारण लेव्हल फार वाढली तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून पळायला लागतं, चावी काढली तरी थांबत नाही. कधी झालंच तर घाबरून गाडीतून उतरू नका, ब्रेक पूर्ण दाबा, टॉप गिअर टाका आणि क्लच एकदम सोडा, इंजिन बंद पडेल. नाहीच पडलं तर उतरून सगळ्यांना लांब न्या. हवेच्या पाईपवर हात किंवा कपडा कोणी ठेवू नये, तो आत ओढला जातो.

प्रश्न : बाजारात ऑइल कमी जळायची बाटली मिळते, टाकू का?
— एक वाचक, तिलक नगर, इंदूर

उत्तर : गळती आणि टर्बोला तिचा उपयोग शून्य. सुकलेलं रबर सील थोडं मऊ करणाऱ्या काही येतात, वॉल्व्ह सीलवाल्याला थोडे महिने बरं वाटतं. इंजिन आतून धुणारी फ्लशची बाटली मात्र दीड-दोन लाख चाललेल्या, ऑइल वेळेवर न बदललेल्या इंजिनात टाकू नका, आतला गाळ एकदम सुटतो आणि पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. त्या पैशात ऑइल लवकर बदला.